कपाटातला कॅमेरा पुन्हा हातात घेताना

साधारण २००६ ते २०१४ या काळात महाराष्ट्रातल्या अनेक घरांत पहिला डिजिटल एसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा आला. तो किल्ल्यांवर गेला, कासच्या पठारावर गेला, वारीत चालला आणि नात्यातल्या प्रत्येक मुंजीत व लग्नात त्याने हजेरी लावली. पुढे नोकरीतल्या जबाबदाऱ्या वाढल्या, मुले झाली, खिशातला मोबाइल बरे फोटो काढू लागला आणि कॅमेऱ्याची बॅग कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेली. आता तो छंद पुन्हा सुरू करावासा वाटणाऱ्या, पण नेमकी सुरुवात कोठून करावी हे न उमगलेल्या वाचकांसाठी हे मार्गदर्शन आहे. ज्यांच्याकडे रोलचा कॅमेरा पडून आहे, त्यांनाही यातील बराचसा भाग उपयोगी पडेल.

परतीच्या या वाटेवर क्रमाला फार महत्त्व आहे. बहुतेक जण आधी नवा कॅमेरा घेतात, मग सहल ठरवतात आणि घरातल्या जुन्या फोटोंकडे कधी वळतच नाहीत. माझ्या मते क्रम याच्या नेमका उलट हवा: आधी स्वतःचे जुने फोटो, नंतर जुनाच कॅमेरा, मग रोजची सवय आणि सर्वांत शेवटी, गरज उरलीच तर, खरेदी.

छंद का सुटला, हे आधी ठरवावे

भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या होमाई व्यारावाला यांनी १९७० मध्ये कॅमेरा खाली ठेवला. नव्या पिढीतल्या छायाचित्रकारांचे वागणे त्यांना पटेनासे झाले होते. त्यानंतर चार दशकांहून अधिक काळ त्या जगल्या, २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले, पण त्या व्यवसायाकडे त्या परतल्या नाहीत. कारण स्पष्ट असले की न परतण्याचा निर्णयही शांतपणे घेता येतो. आपल्यासारख्या हौशी लोकांचे बहुधा कारणच ठरलेले नसते, आणि म्हणून पुन्हा सुरू केलेला छंद दोन महिन्यांत पूर्वीच्याच जागी अडखळतो.

कारणे अनेक असू शकतात. बॅगेचे वजन, हार्डडिस्कवर न निवडता साठलेले हजारो फोटो, समाजमाध्यमांवर मिळणाऱ्या पसंतीचा हिशेब, किंवा ‘तुझ्याकडे चांगला कॅमेरा आहे ना, मग तूच काढ’ असे म्हणत प्रत्येक समारंभात गळ्यात पडलेली बिनपगारी नोकरी. प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. वजनाचा त्रास होता त्याने एकच लहान लेन्स वापरावी. ढिगाचा त्रास होता त्याने कमी फोटो काढावेत आणि त्यांची निवड नियमित करावी. पसंतीचा त्रास होता त्याने पहिले काही महिने फोटो कोठेही टाकू नयेत. समारंभांचा त्रास होता त्याने कॅमेरा पुन्हा बाहेर काढल्याची बातमी नातेवाइकांपर्यंत पोहोचू न देणेच शहाणपणाचे.

जुने फोटो उघडावेत

कॅमेऱ्याला हात लावण्यापूर्वी जुने फोटो एकत्र आणावेत. सीडी किंवा डीव्हीडीवर साठवलेले फोटो असतील तर हे काम लांबवू नये, कारण घरी लिहिलेल्या चकत्यांमधील रंगद्रव्याचा थर काळानुसार खराब होतो आणि त्या वाचणारे ड्राइव्हही आता नव्या लॅपटॉपमध्ये मिळत नाहीत. जुन्या हार्डडिस्कवरून एखादी फाइल उघडत नसेल तर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसण्याऐवजी आधी बाकीच्या सर्व फाइल दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. एकूण तीन प्रती, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक घराबाहेर, हा जुना नियम आजही पुरेसा आहे.

फोटो एकत्र आले की ते सावकाश पाहावेत, मात्र या टप्प्यावर काहीही पुसू नये. पहिल्या फेरीत फक्त ज्या फोटोपाशी नजर आपोआप थांबते त्यांना खूण करावी. त्या वेळी ज्या फोटोचे कौतुक झाले होते, तोच आता आवडेल असे नाही. सूर्यास्ताचे आणि धबधब्यांचे फोटो भराभर पुढे सरकतात आणि मंडईतला एखादा तिरका उन्हाचा पट्टा, एस.टी.च्या खिडकीतून काढलेला आजीचा पाठमोरा फोटो किंवा वाड्याचा अर्धा उघडा दरवाजा मात्र थांबायला लावतो, असा अनेकांचा अनुभव आहे. खूण केलेल्यांपैकी वीस-पंचवीस फोटो चार बाय सहा इंचांच्या साध्या प्रिंटवर काढून सतरंजीवर मांडावेत. पडद्यावर एकामागून एक पाहताना न कळणारी गोष्ट शेजारी-शेजारी मांडल्यावर कळते, ती म्हणजे आपण पुन्हा पुन्हा कशाकडे वळत होतो. पुढच्या सर्व पायऱ्या याच उत्तरावर उभ्या राहतात.

फाइलमध्ये नोंदवलेली माहितीही पाहावी. प्रत्येक डिजिटल फोटोसोबत शटरवेग (प्रकाश किती वेळ आत आला), ॲपर्चर (लेन्समधले प्रकाशाचे छिद्र; एफ/ पुढचा आकडा जितका मोठा तितके ते लहान), आयएसओ (प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) आणि नाभीय अंतर (लेन्स किती रुंद किंवा जवळचे दाखवते त्याचा मिलिमीटरमधला आकडा) नोंदलेले असते. कॅमेऱ्यासोबत आलेली १८–५५ मिलिमीटरची झूम लेन्स वापरणाऱ्यांचे बहुतांश फोटो १८ किंवा ५५ या दोन टोकांवरच काढलेले आढळतात. त्याचा अर्थ ती अंतरे त्यांना आवडत होती असा घेऊ नये. झूमची कडी फिरवताना हात जेथे अडला तेथे फोटो काढला, इतकाच तो अर्थ असतो. खूण केलेल्या निवडक फोटोंची नोंद तेवढी वेगळी पाहावी, कारण खरी आवड तेथे दिसते.

फोटो रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, ठेवले असतील तर आणखी एक लाभ आहे. २००९ च्या कॅमेऱ्यात आयएसओ १६०० वर काढलेला आणि दाणेदार म्हणून टाकून दिलेला फोटो आजच्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा उघडला तर तो ओळखू येणार नाही इतका स्वच्छ होऊ शकतो. कॅमेरा तोच राहिला, पण फाइल उलगडणारी साधने मधल्या काळात फार पुढे गेली आहेत.

कॅमेऱ्याची तपासणी

बॅग उघडल्यावर प्रथम बॅटरी पाहावी. लिथियम-आयन बॅटरी फुगलेली दिसली, किंवा ती खाचेतून सहज निघत नसेल, तर ती चार्ज करू नये, ई-कचऱ्यात द्यावी. फुगलेली नसेल तर ती टेबलावर, डोळ्यांसमोर चार्ज करावी, रात्रभर लावून झोपू नये. वर्षानुवर्षे पूर्ण उतरलेल्या अवस्थेत पडलेली बॅटरी एकतर चार्ज होणारच नाही किंवा अर्ध्या तासात संपेल, आणि तेव्हा नवी घेणे हाच मार्ग. फ्लॅशमध्ये किंवा रोलच्या कॅमेऱ्यात साधे सेल राहून गेले असतील तर पांढरा किंवा हिरवट क्षार बाहेर आलेला असतो. हा क्षार अल्कधर्मी असल्यामुळे कापसाच्या काडीवर व्हिनेगरचा किंवा लिंबाच्या रसाचा एखादा थेंब घेऊन पट्ट्या पुसाव्यात आणि नंतर स्पिरिटने ओल काढावी.

यानंतरची आणि आपल्या हवेत सर्वांत महत्त्वाची तपासणी बुरशीची. कोकणात व मुंबईत पावसाळ्यातली आर्द्रता दिवसेंदिवस ऐंशी टक्क्यांच्या वर राहते आणि बंद कपाटातल्या बॅगेत अंधार व ओल दोन्ही मिळतात. लेन्स कॅमेऱ्यातून काढावी, दोन्ही झाकणे उघडावीत, ॲपर्चर पूर्ण उघडे ठेवावे आणि खोलीत अंधार करून मोबाइलची टॉर्च मागच्या बाजूने तिरकी धरून पुढून आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, फांद्या फुटलेले तंतू दिसले तर ती बुरशी आहे. सुटे ठिपके बहुधा धूळ असतात आणि प्रत्येक जुन्या लेन्समध्ये ती थोडीफार सापडते. एकसारखा दुधाळ पडदा दिसत असेल तर ते वंगणाचे बाष्प किंवा काचांच्या सांध्यातला बिघाड असू शकतो.

बुरशी दिसली म्हणून लेन्स टाकून देऊ नये. कडेला असलेला लहानसा डाग फोटोत उमटत नाही. फार तर उजेडासमोर धरल्यावर चित्र किंचित फिकट येते. मात्र ती वाढत राहिली तर तिच्यातले आम्ल काचेवरचा लेप खाते आणि मग साफ केल्यावरही खूण राहते. सफाईचा खर्च लेन्सच्या आजच्या सेकंडहँड किमतीच्या अर्ध्याहून अधिक होत असेल तर ती लेन्स आहे तशी वापरावी. घरी स्क्रू उघडण्याचा मोह टाळावा. लेन्स उन्हात ठेवण्याचा सल्लाही वारंवार दिला जातो, पण उन्हात ठेवलेले भिंग उन्हाचा किरण एका बिंदूवर गोळा करते हे विसरून चालणार नाही.

डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवरील (चित्र टिपणाऱ्या पट्टीवरील) धूळ पाहण्यासाठी ॲपर्चर एफ/१६ ठेवून मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा, मुद्दाम अस्पष्ट केलेला फोटो काढावा. धुळीचे कण करडे ठिपके म्हणून दिसतात. रबरी हवेच्या फुग्याने, कॅमेऱ्याचे तोंड खाली धरून, ते बरेचसे निघतात. तोंडाने फुंकर मारू नये, कारण थुंकीचा सूक्ष्म थेंब धुळीपेक्षा वाईट. पकडीचे रबर चिकट झाले असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने ते पुसता येते.

रोलच्या कॅमेऱ्यात तीन गोष्टी अधिक पाहाव्यात. मागच्या झाकणाच्या कडेचा काळा फोम हाताला डांबरासारखा लागत असेल तर तेथून प्रकाश आत शिरेल, तेव्हा तो बदलून घ्यावा. मागचे झाकण उघडे ठेवून एक सेकंद, अर्धा सेकंद अशा मंद वेगांवर शटर ऐकावे, कारण वापराअभावी हेच वेग आधी अडकतात. आणि कॅमेरा पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या सेलवर चालणारा असेल तर आजचा १.५ व्होल्टचा सेल घातल्यावर त्याचा प्रकाशमापक चुकीचे आकडे दाखवू शकतो. पडताळण्याची सोपी रीत अशी की, निरभ्र दिवशी पूर्ण उन्हातल्या दृश्यासाठी एफ/१६ ला शटरवेग आयएसओच्या आकड्याइतका येतो; म्हणजे आयएसओ २०० ला सुमारे १/२०० सेकंद. मापक याच्या आसपास असेल तर विश्वास ठेवायला हरकत नाही.

तपासणी संपल्यावर लेन्स पुन्हा चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत घालू नये, कारण त्या ओल धरून ठेवतात. हवाबंद झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा लहान मापक एवढे पुरते. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावी. त्याहून फार कोरडी हवाही वंगणाला व रबराला मानवत नाही. निळे सिलिका जेल गुलाबी झाले की ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर तापवून पुन्हा वापरता येते. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवण्याचा घरगुती उपाय करू नये, कारण तांदळाची पूड कडीकडीत शिरते. डांबरगोळ्याही डब्यात नकोत. आणि सर्वांत चांगले औषध अर्थातच कॅमेरा दर आठवड्याला बाहेर काढणे हे आहे.

डोळा आणि कॅमेरा यांची पुन्हा जुळणी

पंधरा वर्षांपूर्वी कॅमेरा घेतलेला माणूस आज चाळिशीच्या पुढे असण्याची शक्यता आहे आणि व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावून पाहण्याच्या खिडकीतून) सगळे धूसर दिसले की तो लेन्स बिघडली असे समजतो. व्ह्यूफाइंडरच्या शेजारी एक लहान चाक असते, डायॉप्टरचे. अनेकांनी कॅमेरा घेतल्यापासून त्याला कधी हात लावलेला नसतो. कॅमेरा मोकळ्या भिंतीकडे धरावा, समोरचे दृश्य न पाहता व्ह्यूफाइंडरमधल्या आकड्यांकडे आणि फोकसच्या चौकटींकडे पाहावे आणि ते काठोकाठ स्पष्ट होईपर्यंत चाक फिरवावे. चष्मा लावून फोटो काढायचे असतील तर ही जुळणीही चष्मा लावूनच करावी. एवढ्या एका कृतीने ‘जुना कॅमेरा आता पूर्वीसारखा राहिला नाही’ ही तक्रार बऱ्याचदा मिटते. गुडघे मात्र पूर्वीसारखे राहिलेले नसतात; जमिनीलगतचे फोटो काढताना त्याचा प्रत्यय येईल आणि त्यावर कॅमेऱ्यात चाक नाही.

बॅटरी दीर्घकाळ उतरलेली असल्यामुळे कॅमेऱ्याचे घड्याळ मागे गेलेले असते. तारीख आधी लावावी, अन्यथा नवे फोटो जुन्या सालात जाऊन पडतात आणि पुढे शोधताना नाकी नऊ येतात. मेनूतील सर्व मांडणी मूळपदावर आणावी, कारण वर्षांपूर्वी कोणत्या तरी लग्नात बदललेली मांडणी आजही तेथेच असते. मेमरी कार्डातले जुने फोटो उतरवून घेतल्यावर ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे. नवे कार्ड घेताना हे लक्षात असू द्यावे की साधे एसडी कार्ड २ जीबीपर्यंत, एसडीएचसी ३२ जीबीपर्यंत आणि त्यापुढचे एसडीएक्ससी असते. फार जुना कॅमेरा नंतरची कार्डे ओळखत नाही.

यानंतर पहिल्या महिन्यासाठी मांडणी सोपी ठेवावी. ‘ॲपर्चर प्रायॉरिटी’ (ॲपर्चर आपण ठरवायचे, शटरवेग कॅमेरा ठरवतो), ॲपर्चर एफ/५.६ किंवा एफ/८, फाइल रॉ, फोकस मधल्या एकाच बिंदूवर आणि आयएसओ स्वयंचलित, मात्र शटरवेग १/१२५ सेकंदाच्या खाली जाणार नाही अशी अट घालून. पूर्ण मॅन्युअलवरच फोटो काढले पाहिजेत असा आग्रह काही जाणकार धरतात. परतणाऱ्या माणसाने तो मनावर घेऊ नये. त्याला सध्या आकड्यांपेक्षा समोरच्या दृश्याकडे पाहण्याची गरज आहे.

कॅमेऱ्यातून उतरवलेला पहिला रॉ फोटो मोबाइलच्या फोटोपुढे मळकट दिसेल. मोबाइल एका दाबात अनेक फोटो घेऊन, सावल्या उजळून आणि आकाश गडद करून तयार चित्र देतो. रॉ फाइलवर यांतले काहीच झालेले नसते. मोबाइलशी स्पर्धा करण्याऐवजी त्याला नोंदवही म्हणून वापरावे: कोणत्या गल्लीत किती वाजता उजेड कोठे पडतो, हे मोबाइलवर टिपून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी कॅमेरा घेऊन त्या वेळेला जावे.

एकच कौशल्य आधी घासून घ्यावे

विस्मरणात गेलेल्या सर्व तांत्रिक गोष्टींपैकी एकच आधी परत आणायची असेल तर ती म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे अधिक-उणे चिन्हाचे बटण. कॅमेऱ्याच्या प्रकाशमापकाला समोर काय आहे हे नीट कळत नसते आणि दृश्य सरासरी करड्या उजेडाचे असावे अशा समजुतीने तो आकडे ठरवतो. आपल्याकडे ही समजूत दोन ठिकाणी हमखास चुकते. पांढरे सदरे, पांढरी धोतरे आणि टोप्या घातलेल्या वारकऱ्यांनी चौकट भरली की मापक तो पांढरेपणा करड्यावर ओढतो आणि दिंडी मळलेली दिसते. तेथे अधिक एकपर्यंत जावे लागते. उलट काळ्या बेसॉल्टच्या हेमाडपंती देवळासमोर, विशेषतः पावसाने दगड ओला झाला असताना, मापक काळ्याचा करडा करतो, दगडाचा भार जातो आणि बाजूचे आकाश पांढरे फटफटीत होते. तेथे उणे एक किंवा त्याहूनही थोडे खाली.

याचा सराव घरीच करावा. गच्चीवर पांढऱ्या कापडावर कुरडया वाळत घातल्या असतील, किंवा ते दिवस नसतील तर साधा पांढरा टॉवेल आणि त्यावर काळी छत्री, असे दोन विषय घ्यावेत. प्रत्येकाचे उणे दोनपासून अधिक दोनपर्यंत एकेक घर पुढे सरकत पाच फोटो काढावेत आणि पडद्यावर मोठे करून पाहावे. पांढऱ्या टॉवेलची वीण कोणत्या फोटोत दिसते, छत्रीच्या घडीतली सावली कोणत्या फोटोत सुटी होते, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की पुढे रस्त्यावर बटण किती घरे सरकवायचे याचा अंदाज हाताला येतो. हिस्टोग्राम, म्हणजे पडद्यावर दिसणारा उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला चिकटला असेल तर तेथला तपशील गेला असे समजावे. रॉ फाइलमधूनही तो फारसा परत येत नाही, सावलीतला मात्र बराच येतो.

वेळ निवडावी

पुण्याचे अक्षांश सुमारे साडेअठरा असल्यामुळे मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य तेथे दुपारी थेट डोक्यावर येतो. मेमध्ये दुपारी माणसाचा फोटो काढला तर डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात, कारण भुवईची सावली सरळ खाली पडते. डिसेंबरच्या उत्तरार्धात त्याच जागी भर दुपारी, घड्याळात साडेबाराच्या सुमारास, सूर्य क्षितिजापासून केवळ ४८ अंशांवर असतो आणि उजेडाला दिवसभर थोडा तिरकेपणा राहतो. त्यामुळे छंद पुन्हा सुरू करायला ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ सर्वांत दयाळू आहे. पावसाळाही वाया जाऊ देऊ नये: ढगाळ आकाशाखाली सावल्या मऊ होतात, हिरवा रंग खोल दिसतो आणि चेहऱ्यांसाठी तो उजेड फारच चांगला. आकाश मात्र तेव्हा चौकटीतून शक्यतो वगळावे, कारण ते पांढऱ्या कागदासारखे येते.

एक लेन्स, एक जागा

सतरंजीवर मांडलेल्या प्रिंटांनी जे सांगितले त्यानुसार घरापासून चालत जाता येईल अशी एक जागा निवडावी आणि त्याच जागी वारंवार जावे. ज्याची नजर माणसांवर थांबत होती त्याने मंडई, एस.टी. स्थानक किंवा आठवडी बाजार घ्यावा; ज्याची वास्तूंवर, त्याने एखादा घाट किंवा वाडा. वाईजवळच्या मेणवलीला कृष्णेकाठी नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट आहे. तेथे एकदाच येऊन जाणारा सर्वांनी काढलेलाच फोटो घेऊन परततो आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला येणारा पायऱ्यांवरच्या ओलीकडे, धुणे आपटणाऱ्या हातांकडे पाहू लागतो. जवळचा कंटाळवाणा चौकही चालेल. दूरची सहल सुरुवातीला टाळावी, कारण तेथे जागाच इतकी देखणी असते की आपली नजर परतली की नाही हे कळत नाही.

लेन्सही एकच ठेवावी. ५० मिलिमीटर एफ/१.८ स्वस्त आणि हलकी असते, पण लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तिचा कोन निकॉनमध्ये ७५ आणि कॅननमध्ये ८० मिलिमीटरइतका अरुंद होतो, म्हणून ती चेहऱ्यांना उत्तम आणि गल्लीत अडचणीची. ३५ मिलिमीटर जास्त सोयीची पडते. झूमच असेल तर ३५ वर चिकटपट्टी लावून कडी बांधून टाकावी.

माणसांचे फोटो काढताना मधल्या वर्षांत एक बदल झाला आहे, तो लक्षात घ्यावा. पूर्वी लोक कॅमेऱ्याकडे कौतुकाने पाहत; आता फोटो कोठे जाईल या शंकेने पाहतात, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. आधी दोन शब्द बोलावे, मग ‘मावशी, एक फोटो काढू का?’ असे विचारावे. वारीत ‘माउली’ ही एकच हाक पुरते. नकार आला तर हसून पुढे जावे, लहान मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय काढू नयेत आणि पुढच्या खेपेला जाताना प्रिंट नेऊन द्यावी. त्या एका प्रिंटने पुढच्या अनेक परवानग्या मिळतात. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत हातातल्या कॅमेऱ्याने साधारणपणे फोटो काढता येतात, पण तिपाईसाठी परवानगी लागते. अजिंठ्याच्या चित्रांसमोर फ्लॅश चालत नाही.

खरेदी कधी करावी

काही महिने असे गेल्यावर जी अडचण पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी येते, तिच्यासाठीच पैसे खर्च करावेत. देवळाच्या गाभाऱ्यात सतत हललेले फोटो येत असतील तर मोठ्या ॲपर्चरची लेन्स, वजनामुळे कॅमेरा घरीच राहत असेल तर लहान मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा. नवी बॉडी घेण्यापूर्वी जुन्या लेन्स तिच्यावर कितपत चालतील ते पाहावे. कॅननच्या ईएफ लेन्स २०१८ पासूनच्या आर मालिकेवर ॲडॅप्टरने (मधल्या जोडकडीने) व्यवस्थित चालतात, परंतु १९८७ पूर्वीच्या एफडी लेन्सची गोष्ट वेगळी, त्यांना हाताने फोकस करावा लागतो. निकॉनच्या जुन्या, कॅमेऱ्यातील मोटरवर चालणाऱ्या एएफ-डी लेन्स झेड मालिकेवर कंपनीच्या एफटीझेड ॲडॅप्टरने बसतात, पण त्यांचा ऑटोफोकस चालत नाही. डी३००० किंवा डी५००० सारख्या छोट्या एसएलआरवरही तो चालत नव्हताच. रोलकडे वळण्याची हौस असेल तर जरूर वळावे, मात्र शहरात धुलाई कोठे होते हे रोल विकत घेण्यापूर्वी ठरवावे.

निवड आणि प्रिंट

काढलेले फोटो त्याच रात्री उतरवावेत, पण निवड आठवड्याने करावी, कारण काढतानाचा उत्साह ओसरल्यावरच फोटो नीट दिसतो. शंभरांतून पाच ठेवले तरी ते पुष्कळ झाले. महिन्याअखेरीस त्यांतला एक मोठा करून घ्यावा. जुन्या कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल कमी पडतील ही भीती बाळगू नये: आठ बाय बारा इंचांच्या प्रिंटला इंचाला ३०० ठिपके धरले तरी २४०० बाय ३६०० ठिपके, म्हणजे नऊ मेगापिक्सेलहूनही कमी लागतात आणि २००८ च्या सुमाराचे अनेक एसएलआर दहा-बारा मेगापिक्सेलचे आहेत. लॅपटॉपचा पडदा स्वतः उजळ असल्यामुळे त्यावर ठीक वाटणारा फोटो कागदावर गडद येतो. तेव्हा पडद्याची चमक अर्ध्यावर आणून फोटो पाहावा, आधी त्याची चार बाय सहाची एक चाचणी प्रिंट काढावी, ती दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी धरून पाहावी आणि गरजेप्रमाणे फाइल थोडी उजळून मगच मोठ्या प्रिंटची ऑर्डर द्यावी. कागद शक्यतो मॅट घ्यावा. समोरच्या खिडकीचे प्रतिबिंब त्यावर पडत नाही.